तळाचा नमुना

आमच्या गावच्या दूध संस्थेचा मी सतरा वर्षं सचिव आहे. गावात मला पंडित म्हणून हाक मारणारी माणसं थोडी. बाकी सगळे सेक्रेटरी म्हणतात, आणि माघारी काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. माझं डोकं लवकर तापतं. पण सतरा वर्षांत माझ्या हातचा दुधाचा एकही नमुना चुकीचा म्हणून वरून परत आलेला नाही. कॅन आला की आधी दांडा तळापर्यंत घालायचा, पाच-सहा वेळा खालून वर ओढायचा, आणि मगच पळी बुडवायची. न ढवळता घेतलेला नमुना खोटा बोलतो. एवढी साधी गोष्ट, पण लोकांना रोज सांगावी लागते, आणि मी ती रोज ओरडून सांगतो.

असा मी माणूस. त्यामुळे त्या सोमवारी फाट्यापलीकडच्या सरकारी दवाखान्यात बंकटरावांनी खिडकीतून मला सांगितलं, "सेक्रेटरी, नमुना बरोबर नव्हता," तेव्हा माझी कानशिलं गरम झाली.

बंकटराव तिथले बेडका तपासणारे. टक्कल पडलेला, शांत गृहस्थ. त्यांच्या हातात माझ्या धाकट्या भावजयीचा कागद होता, आणि त्यावर जंतू दिसला नाही अशा अर्थाचं तेच दुसऱ्यांदा लिहिलेलं होतं. निल.

"दोन्ही डब्यांत लाळ होती," ते म्हणाले. "बेडका छातीतून यायला पाहिजे. त्यांना मोकळ्या जागी एकटं सोडा. दोन-तीनदा छाती भरून श्वास घ्यायचा आणि पोटातून खोकायचं."

"मला नमुना शिकवू नका," मी म्हणालो. "पहिला इथंच, तुमच्या लिंबाखाली, मी स्वतः उभं राहून घेतलाय. दुसरा घरी पहाटे, तोही मी दारात उभं राहून. बर्फाच्या पेटीत ठेवला आणि सकाळचं दूध उरकताच तुमच्याकडं पोचवला. आणखी काय करायचं माणसानं?"

बंकटरावांनी खणातून एक कोरी डबी काढली आणि माझ्यापुढं सरकवली. "ठेवा. लागली तर."

मी ती खिशात कोंबली आणि डॉक्टरीणबाईंकडं गेलो.

ताराबाई, म्हणजे माझा धाकटा भाऊ सुग्रीव याची बायको, श्रावणापासून खोकत होती. संध्याकाळी अंगात कणकण, आणि अंगावरचं मांस तर असं उतरलं होतं की हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. दोन आठवडे साध्या खोकल्याच्या गोळ्या झाल्या, फरक नाही. बीडला नेऊन छातीचा फोटो काढला, तर उजवीकडं वरच्या बाजूला पांढुरका डाग निघाला.

"मला संशय टीबीचाच आहे," डॉक्टरीणबाई फोटो उजेडाकडं धरून म्हणाल्या. "फोटो आणि लक्षणं बघून मी आजसुद्धा औषध सुरू करू शकते. पण तुमचा भाऊ परवा इथं माझ्याशी भांडून गेला. म्हणाला, निल आहे तर गोळ्या कशाच्या? आणि गुरुवारी त्यांना ऊसतोडीला घेऊन चाललाय. सहा महिने रोज घ्यायचं औषध आहे हे. चार दिवस घेऊन फडात सोडून दिलं तर आजार आणखी चिवट होईल. बेडक्यात जंतू दिसला असता, तर त्याला बोलायला जागा राहिली नसती."

"बीडला ते मोठं मशीन आलंय म्हणतात. त्याच्यावर पाठवू."

"मशीनमध्ये घातली तरी लाळ ती लाळच राहणार, पंडितराव."

"आणि धाकटी तशीच तोडीला गेली तर?"

डॉक्टरीणबाईंनी फोटो पाकिटात घातला. "थंडीत, पालात, पहाटे चारला उठून मोळ्या वाहायच्या. तुम्हीच सांगा."

ती बाई परत येणार नाही, हे मला तिथंच कळून चुकलं होतं.

घरी आलो तर सुग्रीव अंगणात दोऱ्या आणि पत्र्याची पेटी बांधायला बसला होता. त्या साली आमच्याकडं पाऊस फिरकलाच नव्हता. तलाव कोरडा, बोअर कोरडे, गावाला दोन दिवसाआड टँकर. नऊशे लिटर दूध घालणारी आमची संस्था दीडशेवर आली होती. गाव निम्मं निघण्याच्या तयारीत होतं. शहादेव मुकादम कर्नाटकातल्या एका कारखान्याला टोळी घेऊन चालला होता, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता, असा हिशेब असतो. नवऱ्यानं तोडायचं, बायकोनं मोळी बांधून डोक्यावरून गाडीत टाकायची. बायको नसली की कोयता मोडला.

"आणखी एकदा तपासू," मी म्हणालो.

"दोनदा निल आलं न्हवं?" सुग्रीवनं मानही वर केली नाही. "आता कावून मागं लागलाय? मी शहादेवला शब्द दिलाय. आन टीबी टीबी करत गावभर बोंबललास तर टोळीत आमच्या चुलीपाशी कुनी बसायचं न्हाई."

"सुग्रीव, ती मरंल."

"कागदावर दाखव. कागदावर आलं तर तू म्हनशील तसं. न्हाई तर गुरुवारी गाडी हाय."

एवढं बोलून त्यानं दोरीला असा हिसका दिला की पेटी पालथी झाली. तो निर्दय नाही. तो घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस कागदाला धरून बसतो. पण त्या वेळी मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, हे खोटं कशाला सांगू.

ताराबाई दाराआड उभी होती. तिचा पदर दिसत होता, बाकी काही नाही. माझ्या घरात ती अकरा वर्षं नांदते आहे, आणि तिचा चेहरा मी नीट पाहिलेला नाही. मी तिचा भाया, थोरला दीर. आमच्यात धाकट्या भावजयीनं भायासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, समोरून जायचं नाही आणि आवाज ऐकू द्यायचा नाही. मला काही सांगायचं असलं तर ती वासराला सांगते. "आज पेंड संपली गं बाई," असं वासराला पुटपुटते, आणि ते मंजुळा, म्हणजे माझी बायको, मला येऊन सांगते. याचं मला कधी काही वाटलं नाही. उलट अभिमानच वाटायचा. रीतभात म्हणजे काय, ते आमच्या घरात येऊन बघा, असं मी चारचौघांत सांगायचो.

मंगळवारी संध्याकाळी संस्थेत दूध घ्यायला बसलो तेव्हा माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मध्ये एकच दिवस उरला होता. रांगेत पहिलीच दगडाबाई. सत्तरीची म्हातारी, एक म्हैस, तीन लिटर दूध, आणि जीभ माझ्यापेक्षा धारदार. ती दांडा घेऊन नुसती वरच्यावर हलवत होती.

"मावशी, तळ हलू दे! वरचं वर कालवून काय कळतंय?" मी ओरडलो.

तिनं दांडा कॅनमध्ये तसाच सोडला. "आरं पंडित, तू असा डोळे वटारून छाताडावर हुबा ऱ्हायलास की माझा हातच चालत न्हाई बघ. सरक जरा तिकडं. मंग हलिवते तळ."

रांगेतली माणसं हसली. मी चिडून तोंड फिरवलं, आणि तोंड फिरवलं म्हणूनच मला ते दिसलं.

रांगेच्या शेवटी भिंतीला टेकून ताराबाई उभी होती. मंजुळा टँकरच्या गर्दीत अडकली होती, म्हणून आमचं दूध ती घेऊन आली होती. मी तिच्याकडं पाहत नाही हे तिला माहीत होतं. तिला ढास लागली. पदर तोंडात कोंबून ती वाकली, आणि असा खोल, ओला खोकला आला की पुढच्या दोघी बायांनी मागं वळून पाहिलं. तोंडात काहीतरी आलेलं होतं. थुंकायला म्हणून ती भिंतीकडं वळली, आणि वळताना तिला मी दिसलो.

तिनं ते गिळलं.

मी पाहिलं. गळ्याची शीर हलली, डोळे मिटले, आणि पदर पुन्हा नाकापर्यंत आला. सगळं दोन श्वासांत.

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. लिंबाखाली मी उभा होतो. दारात मी उभा होतो. दोन्ही वेळा तीन पावलांवर, पेटी हातात घेऊन, मंजुळाला "झालं का? झालं का?" करत. जी बाई माझ्यासमोर पाण्याचा घोटसुद्धा आवाज न करता पिते, ती माझ्यासमोर छातीतून खाकरणार होती? तिनं जिभेवरची लाळ डबीत सोडली आणि डबी मंजुळाकडं दिली. खोटा नमुना मीच घेतला होता. गावाला तळ शिकवणाऱ्या माणसानं.

उत्तरेश्वर, आमचा मापारी, म्हणाला, "सेक्रेटरी, बरं न्हाई का?" मी पळी त्याच्या हातात दिली आणि तसाच घरी निघालो.

मंजुळाला सगळं सांगितलं. ती हंडा उतरवत होती. मला वाटलं ती कपाळाला हात लावेल. तिनं हंडा खाली ठेवला आणि माझ्यावरच उखडली.

"दोनदा सांगितलं तुमाला, बाजूला व्हा म्हनून! तुमी म्हनलात, तुला काय कळतंय नमुन्यातलं."

म्हणालो होतो. आठवत होतं. मला माझीच लाज वाटली, आणि ती मी तिला बोलून दाखवली. लग्नाला वीस वर्षं झाली, पण हे पहिल्यांदाच.

"आता काय करायचं?" मी विचारलं. "तू तिच्याजवळ थांब. मी माडीवर जाऊन बसतो."

"माडीवर? तुमची गाडी गावाभाईर गेल्याचं कानानं ऐकल्याबिगर ती हुंकारबी देयाची न्हाई. सकाळी निघा तुमी. लांब जावा. म्या नेते तिला तलावात, तिथं कुनी नसतंय."

बंकटरावांची कोरी डबी मी तिच्या हाती ठेवली, आणि बुधवारी उजाडता उजाडता मोटारसायकल काढली. अंगणात मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, "मी चाललो गं, तालुक्याच्या दूध केंद्रावर काम आहे." संस्थेची किल्ली उत्तरेश्वरला दिली. सतरा वर्षांत सकाळचं दूध मी दुसऱ्याच्या हवाली केलेलं नव्हतं, बाप वारला त्या दिवशीसुद्धा नाही. फाट्यावर येऊन बंद हॉटेलाच्या बाकड्यावर बसलो. जवळ दुधाच्या नमुन्यांची जुनी पेटी, आत बर्फ. नवी संस्थेत असते. ही कधीची टाकून दिलेली होती, आता याच कामाची.

काहीच ऐकू येत नव्हतं, आणि ऐकू येणारही नव्हतं. तलाव दीड किलोमीटरवर. मी नुसता रस्त्याकडं बघत होतो. सुग्रीवनं अडवलं तर? तिनं पुन्हा लाळच दिली तर? उद्या या वेळी गाडी निघालेली असणार. मी उठलो, बसलो, पुन्हा उठलो. एक मेंढरांचा कळप गेला. धनगरानं राम राम घातला, त्याला मी उत्तर दिलं की नाही, आठवत नाही.

तासाभरानं मंजुळा येताना दिसली. भराभर चालत होती, उजवा हात पदराखाली. जवळ आली तेव्हा डोळे लाल होते, पण ती हसत होती.

"घ्या तुमचा नमुना."

"कसं जमलं?"

"जमतंय कुठलं! सारखी मागं वळून बघत व्हती. म्हनलं, आगं बाई, गेले ते, गाडी ऐकलीस न्हवं? तरी न्हाई. मंग म्याच पयलं खाकरून दावलं. रेड्यावानी. तिला आलं हसू. हसता हसता जी ढास लागली की..." मंजुळा थांबली. "लई खोकली ओ. मला भ्या वाटलं."

मी झाकण उघडून पाहिलं. दाट, पिवळट, आणि त्यात रक्ताचा दोरा. झाकण घट्ट लावलं, डबी पिशवीत घालून पेटीत ठेवली आणि गाडीला किक मारली.

बंकटरावांनी डबी उजेडात धरली. सोमवारी मी त्यांच्यावर भुंकलो होतो, ते त्यांनी काढलं नाही. "हा नमुना आहे," एवढंच म्हणाले. "काच वाळवून रंगवायला वेळ लागतो, आणि मग शंभर जागा बघायच्या असतात. थांबा."

मी खिडकीखालच्या बाकावर थांबलो. दहा वाजले, साडेदहा वाजले. अकराला मंजुळाचा फोन.

"गाडी आजच आली! उद्या कारखाना सुरू हुनार, मोळी पडनार म्हनून शहादेव आजच घेऊन चाललाय. सामान चढिवलंय. सुग्रीव तिलाबी चढीव म्हनतोय!"

"थांबव त्याला!"

"मी थांबवून थांबतीय व्हय गाडी?"

मी सुग्रीवला फोन लावला. तिसऱ्यांदा त्यानं उचलला. मागं ट्रकचं इंजिन धडधडत होतं.

"कागद आला का?" त्यानं विचारलं.

"येतोय. अर्धा तास थांब."

"समदी गाडी माझ्यासाठी थांबनार व्हय बे? आला की फोन कर. निल आला तरी कर." आणि त्यानं फोन ठेवला.

मी खिडकीच्या गजाला धरून उभा राहिलो. आत बंकटराव एका डोळ्यानं सूक्ष्मदर्शकात बघत होते. बोटानं काच कणाकणानं सरकवत होते. मला ओरडावंसं वाटत होतं, अहो, लवकर बघा! पण ओरडलो नाही. दुसऱ्याच्या नमुन्यावर उभं राहायचं नसतं, एवढं मी कालपासून शिकलो होतो. गज सोडले आणि चार पावलं मागं सरकलो.

त्यांनी मान वर केली, पुन्हा डोळा भिंगाला लावला, पुन्हा मान वर केली. मग उठून खिडकीशी आले.

"आहे," ते म्हणाले. "लाल काड्या, म्हणजे टीबीचे जंतू. पुष्कळ आहेत. कागद करतो. डॉक्टरीणबाईंना सांगा, आजपासून औषध सुरू. आणि घरातल्या सगळ्यांना तपासायला आणा."

मी सुग्रीवला लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मंजुळाला लावला. तिच्या आवाजाला धाप होती. ती ट्रकच्या मागं पळत होती.

"सुटली ओ गाडी! तलावाच्या वळनाला हळू झालीय, म्या धरते..."

"फोन तिच्याकडं दे!"

"कुनाकडं? सुग्रीव तर पुढं बसलाय!"

"धाकटीकडं दे. तिच्या कानाला लाव!"

धडधड, बायकांचा कालवा, पोरांचं रडणं, मंजुळाचं "धर, धर, तुझ्यासाठी हाय." मग फोन दुसऱ्याच्या हातात गेल्याचं कळलं. पलीकडं नुसता श्वास होता. घरघर करणारा.

अकरा वर्षांत मी तिला एक शब्द बोललो नव्हतो. काय म्हणून हाक मारायची, तेही मला सुचेना.

"ताराबाई," मी म्हणालो. "मी बोलतोय. पंडित. कागद आलाय. तुझ्या बेडक्यात टीबी निघालाय. औषधानं बरी होशील. पण या गाडीत गेलीस तर होणार नाहीस. सुग्रीवचा फोन बंद आहे, मी तिथं नाही. तुलाच सांगावं लागंल. ऐकतेस ना?"

नुसती घरघर. मला वाटलं, झालं. ही गिळणार. शब्दसुद्धा गिळणार. आम्हीच तिला तेवढं एक शिकवलंय.

मग ती खोकली. पदर न लावता, तोंड न दाबता, तळापासून. फोन कानापासून लांब धरावा लागला मला. खोकून झालं, ती थुंकली, आणि बोलली. मला नाही. आख्ख्या गाडीला.

"गाडी थांबवा! मला टीबी हाय, कागदावर आलंय! मी येत न्हाई!"

आवाज घोगरा होता, दमलेला होता, पण पुढं ड्रायव्हरशेजारी बसलेल्या माणसापर्यंत जाईल एवढा मोठा होता. इंजिनाची धडधड खाली आली. कोणीतरी फळी वाजवली. सुग्रीवचं "काय झालं, काय झालं?" लांबून जवळ येत गेलं, आणि ती त्यालाही तेच, तेवढ्याच मोठ्यानं सांगत होती.

"उतरली ओ," मंजुळा फोनवर म्हणाली. "सुग्रीव पेटी उतरवाय लागलाय."

मी बाकावर बसलो. रिकामी पेटी मांडीवर घेतली आणि मला रडू फुटलं. भरल्या दवाखान्यात, बायाबापड्यांसमोर. खिडकीत बंकटराव कागद घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, कागद खिडकीत ठेवून, तो उडू नये म्हणून त्यावर पेन ठेवला, आणि ते आतल्या खोलीत निघून गेले.